मिसरीच्या डबीतल्या गोळ्या

केसरबाईला धाकट्या जावेच्या पुष्कळ गोष्टी डोळ्यात खुपायच्या. तिचा गोरा रंग, कमरेपर्यंतचे केस, माहेराहून न मागता येणारी बाजरी, नवऱ्यानं तिला 'ए' न म्हणता नावानं हाक मारणं. पण सगळ्यांत जास्त खुपायचं ते तिचं दुखणं. आता म्हणाल, दुखण्याचा कुणी हेवा करतं का? करतं बाबा. उमापूरजवळच्या त्या वस्तीवर केसरबाई करायची, अन् अगदी मनापासून करायची.

धाकटी जाऊ म्हणजे सुंदरबाई. घरात सगळे सुंदराच म्हणायचे. लग्न होऊन आली अन् पहिल्याच उन्हाळ्यात अंगणात ज्वारी पाखडता पाखडता एकदम किंचाळून आडवी झाली. अंग लाकडासारखं ताठ, मग झटके, तोंडाला फेस. सासू छबुबाई बोंबलत सुटली. सुंदराच्या नवऱ्याला, गहिनीनाथाला, शेतातून आणायला माणूस पळालं. केसरबाईचा नवरा आश्रुबा म्हणजे बायको तापानं फणफणली तरी तंबाखू मळत बसणारा गडी. तोसुद्धा धोतर सावरत धावला. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कांद्यानं काही होईना, तेव्हा चप्पल हुंगवायचं ठरलं, आणि हाताशी सापडली ती नेमकी केसरबाईची. नारायणगडच्या जत्रेत घेतलेली, अजून पायाला नीट न बसलेली, नवी कोरी चप्पल. ती जावेच्या नाकाला लागलेली बघून केसरबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. चपलेसाठी, जावेसाठी नव्हे.

बरं, सुंदरा शुद्धीवर आली म्हणून संपलं का? छे. वस्तीवरच्या बाया बघायला आल्या. एक म्हणाली फेपरं हाय, दुसरी म्हणाली देवीचं वारं हाय, आणि दुसरीचं ऐकून चार जणींनी कुंकू लावून सुंदराच्या पायाला हात लावले. छबुबाईनं तिला दूध पाजलं, आठवडाभर चुलीपुढं बसू दिलं नाही. सगळ्या भाकरी केसरबाईनं थापल्या. थापता थापता ती मनात म्हणायची, पडायचं एवढं सोपं असतं तर आपणही पडलो असतो.

केसरबाईला मात्र जे व्हायचं, ते कुणाला दुखणं वाटायचंच नाही. तिला स्वतःलासुद्धा नाही. लहानपणी जोराचा ताप येऊन ती दोन दिवस बेशुद्ध होती, त्यानंतर केव्हातरी हे लागलं. अधूनमधून पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं, तोंडात खरकट्यासारखी चव यायची, अन् मग मधला वेळच गायब. तव्यावर भाकरी टाकलेली आठवायची, आणि पुढचं आठवायचं ते थेट कोळसा झालेली भाकरी आणि सासूचं तोंड. पदराचं टोक चुरगाळलेलं असायचं. ती कुठंच पडायची नाही, ओरडायची नाही. बसल्या जागी बसलेली, डोळे उघडे. मग लोक काय म्हणणार? तंद्री लागती हिला. आळस भरलाय अंगात. मगरूर हाय, हाक मारली तरी बघत न्हाई. आश्रुबा तर चारचौघांत म्हणायचा की आमचं येडं हाय जरा. वीस वर्षं हे ऐकून ऐकून केसरबाईलाही पटलं होतं की आपण जन्मजात धांदरट.

म्हणून तर तिचा जळफळाट व्हायचा. एकीनं उपडी पडून अख्खी वस्ती गोळा करावी, आणि दुसरीनं एक भाकर जाळली तर तिच्या माहेराचा उद्धार व्हावा, हा कुठला न्याय?

तो दुष्काळाचा काळ. बहात्तरच्या दुष्काळात छबुबाईनं खडी फोडली होती. हा त्यानंतरचा, शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचे दिवस. ज्वारी गेली, कापूस गेला, राहिल्या दोन म्हशी आणि गावातली दूध सोसायटी. सकाळी सोसायटीच्या दारात रांग लागायची, तिथं दूध मोजून घ्यायला राधाकिशन बसायचा. एकदा केसरबाईनं चरवीतलं सगळं दूध मापात न ओतता मापाच्या शेजारी, फरशीवर ओतलं. अगदी शांतपणे, शेवटचा थेंबसुद्धा निथळून. रांग खदाखदा हसली. राधाकिशन म्हणाला की थोरल्या वहिनींनी आज धरणीमातेला निवद दाखवला. ती घरी आली तेव्हा ही गोष्ट तिच्या आधी पोहोचली होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच रांगेत सुंदरा पडली. हसलं का कुणी? नाव नको. राधाकिशननं स्वतःची खुर्ची सोडली, तिच्या डोक्याखाली पोतं दिलं, आणि बीडला निघालेल्या दुधाच्या गाडीत तिला घालून दवाखान्यात न्यायचं ठरवलं. कुठं बसवलं माहीत आहे? पुढं. ड्रायव्हरशेजारी, काचेसमोर. केसरबाई उभ्या आयुष्यात कुठल्याच गाडीत पुढं बसली नव्हती. लग्नातसुद्धा ती ट्रकच्या पाठीमागं वरातीबरोबर आदळत आली होती. सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून तिला नेलं, पण बसवलं मागं, दुधाच्या कॅनांमध्ये. गेवराई मागं पडेपर्यंत ती केबिनच्या मागच्या काचेतून दिसणारं सुंदराचं डोकं बघत होती आणि दात खात होती.

बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी सुंदराला खाटेवर निजवलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की पडताना कुणी बघितलं. गहिनीनाथ मागून एसटीनं आला होता. तो कधीच जवळ नसायचा. छबुबाई तर सुंदरा पडली की डोळे मिटून देवाचा धावा करायची. बघितलं होतं ते केसरबाईनं. दर वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जळणाऱ्या माणसाची नजर हलत नाही. तिनं सगळं सांगितलं. आधी किंकाळी येते, ती दुखल्याची नसते, छातीतला वारा एकदम दाबल्यासारखी असते. मग ताठ होते, दातखीळ बसते, ओठ काळेनिळे पडतात. मग दोन्हीकडचे हातपाय सारखेच उडतात, एकीकडचे जास्त नाहीत. जीभ चावते, लुगड्यात लघवी होते. मग घोरत झोपते, अन् उठल्यावर डोकं दुखतं म्हणते. हे सगळं चुलीवरचं दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात उरकतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं.

"घरातलं माणूस एवढं नीट कधी सांगत नाही. बाई, तुमचं फार लक्ष आहे हिच्यावर."

"जाऊ हाय ती माजी," केसरबाई म्हणाली.

मग डॉक्टर समजावून सांगू लागले. हे वारं नाही, करणी नाही, शिवल्यानं होत नाही. मेंदूत विजेसारखं काहीतरी सारखं चालू असतं. ते एकाएकी उसळलं की झटका येतो. चप्पल हुंगवू नका, कांदा नको, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोचणारं-जाळणारं बाजूला करा, अन् थांबा. थांबला नाहीच तर गाडी बघा. आणि झटका काही एकाच तऱ्हेचा नसतो, ते म्हणाले. हिचा सगळ्या मेंदूत एकदम उसळतो, म्हणून ही पडते. पण काहींचा मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू होतो, अन् ती माणसं —

तेवढ्यात केसरबाईच्या पोटातून ते वर चढलं. तोंडात खरकटी चव आली.

मग डॉक्टर बेसिनवर हात धूत होते, गहिनीनाथ गोळ्या पिशवीत घालत होता, आणि सगळं सांगून झालेलं होतं. केसरबाईच्या पदराचं टोक चुरगाळलेलं होतं. खाटेवर सुंदरा उठून बसली होती आणि तिच्याकडं टक लावून बघत होती. केसरबाईला वाटलं, बघा, आता हिला डॉक्टर भेटला म्हणून नजरसुद्धा वर चढली.

गोळ्या पांढऱ्या, बारीक. सकाळी एक, संध्याकाळी एक, एक दिवसही चुकवायची नाही, संपत आल्या की चिठ्ठी दाखवून पुन्हा आणायच्या. छबुबाईनं त्या थोरलीच्या ताब्यात दिल्या, कारण घरातलं तेल-मीठ थोरलीच्या हातात, मग औषधही तिच्याच हातात, असा रिवाज. केसरबाईनं आपली मिसरीची जुनी डबी घासून पुसून त्यात भरल्या आणि डबी कमरेला खोचली. सुंदराला दोन वेळा तळहातावर गोळी द्यायची, अन् ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. सांगायला काय, सेवाच होती.

आणि गोळ्या लागू पडल्या. सुंदरा पडायची थांबली. गाढ झोपू लागली, गालांवर मांस चढलं. दसरा झाल्यावर वस्तीवरची सगळी टोळी ऊस तोडायला खाली कारखान्यांच्या मुलखात निघाली, तेव्हा शहादेव मुकादमानं सुंदरा-गहिनीनाथाचा कोयता बिनतक्रार घेतला. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक; त्यातली बाई पडत असली तर कोण घेतो? कारखान्याच्या फडात दिवस उजाडायच्या आत गहिनीनाथ तोडायचा, सुंदरा मोळ्या बांधायची, आणि दोघं आपसात हसायची. शेजारच्या पट्ट्यात केसरबाई आश्रुबामागं मोळ्या बांधता बांधता मधेच थांबून राहायची, आणि आश्रुबा अख्ख्या फडाला ऐकू जाईल असं ओरडायचा. शहादेव म्हणायचा, "आश्रुबा, तुजा कोयता अर्धाच हाय बे."

एक दिवस सकाळी केसरबाईनं डबी उघडली, गोळी काढली, अन् सुंदराच्या पाचटाच्या कोपीकडं जाता जाता थांबली. काय असेल हिच्यात? हिच्यानं जावेच्या गालावर मांस चढलं, हिच्यानं तिला झोप लागती, हिच्यानं नवरा हसतो. सगळं तिलाच का म्हणून? तिनं गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि तांब्याभर पाणी प्याली. मग सुंदराला जाऊन सांगितलं की डाक्टरनं सकाळची बंद करायला लावलीय. सुंदरानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि मान हलवली. बिनडोक हाय, केसरबाईला वाटलं.

पहिले काही दिवस तिला पेंग आली. पाय जड. मग तो जडपणा उतरला, आणि एक अजब झालं. मधला वेळ गायब व्हायचा थांबला. भाकरी टाकली की ती भाकरीच निघायची. मोळी सुरू केली की मोळी संपायची. महिना गेला, एकदासुद्धा पोटातून काही वर चढलं नाही. आश्रुबा ओरडायचं विसरला. शहादेव एकदा सगळ्यांदेखत म्हणाला की आता हा पुरा कोयता झाला, आणि केसरबाईच्या कानांना ते इतकं गोड लागलं की तिनं त्या रात्री मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. तिला वाटलं, ताकदीची गोळी आहे. बड्या लोकांनी आपल्यासाठी ठेवलेली, आणि चुकून जावेला मिळालेली. आता ही सोडायची म्हणजे पुन्हा येडं व्हायचं. कोण सोडेल?

हंगाम सरत आला तेव्हा सुंदरा पडली. ट्रक भरत होते. खालून फळी लावलेली, डोक्यावर मोळी घेऊन बायका त्या फळीवरून वर चढत होत्या. सुंदरा फळीच्या मध्यावर होती. केसरबाई बरोबर तिच्या मागं. ती किंकाळी ऐकू आली, आणि मोळीसकट सुंदरा बाजूनं खाली गेली. खाली पडल्यावर झटके सुरू झाले. हात कोपराजवळ विचित्र वळला होता. कुणीतरी चप्पल घेऊन धावलं, तेव्हा केसरबाईच ओरडली की चप्पल नको, कुशीवर घाला. तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

हात मोडला होता. प्लास्टर घातलं. त्या दिवसापासून केसरबाई दोन्ही गोळ्या द्यायला लागली. माणूस होती ती, राक्षस नव्हती. आठ दिवस दिल्या. नवव्या दिवशी चुलीपुढं पोटातून ते वर चढलं, आणि पुढचं आठवलं ते पायावर सांडलेलं कालवण आणि आश्रुबाचं, "झालं, आलं येडं परत." दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी पुन्हा केसरबाईच्या पोटात गेली. तिनं स्वतःची समजूत घातली की एवीतेवी सुंदराला औषध लागू पडतच नाही, नाहीतर पडली कशी असती. ही समजूत खोटी आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून ती गोळी गिळत राहिली.

गावी परतल्यावर टँकरच्या रांगेत सुंदरा पुन्हा पडली, भरली घागर अंगावर घेऊन. मग मात्र छबुबाईचं मन फिरलं. गोळ्यासुद्धा हरल्या, ती म्हणाली. मुकादमानं निरोप धाडला होता की पुढच्या हंगामाला हे जोडपं नको. दोन वर्षं पाऊस नाही, घरात काम करणारी माणसं पाहिजेत, एक हात मोडून घेतलेली पडती बाई किती दिवस सांभाळायची? सुंदराच्या भावाला, हरिबाला, कळवलं की बीडच्या स्टँडवर येऊन बहिणीला घेऊन जावं. 'काही दिवस' असं तोंडदेखलं म्हणायचं, पण गहिनीनाथाला दुसरी करायची कुजबुज वस्तीवर कधीच सुरू झाली होती. गहिनीनाथ आईपुढं एक शब्द बोलला नाही. गोठ्यात जाऊन टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडला. केसरबाईनं ते दारातून बघितलं, आणि तिच्या मनात काय आलं असेल? हेच, की आपल्यासाठी असं कुणी रडलं नसतं.

तिनं तोंड उघडलं असतं तर सगळं थांबलं असतं. पण तोंड उघडायचं म्हणजे काय सांगायचं? जावेचं औषध चोरून खाल्लं, हे? आणि का खाल्लं, हे? केसरबाईच्या पोरीची सोयरीक जमत आली होती. आई चोर निघाली म्हटल्यावर कोण उंबऱ्यात येणार. केसरबाई मूग गिळून बसली, आणि जावेची पिशवी भरायला लागली.

बीडच्या स्टँडवर छबुबाई, गहिनीनाथ, सुंदरा आणि पिशवी धरायला केसरबाई. हरिबा आधीच आला होता. त्यानं बहिणीची पिशवी स्वतःकडं ओढून घेतली. छबुबाईनं थोरलीला डबी देऊन टाकायला सांगितलं. केसरबाईनं कमरेची डबी काढली.  डबी गेली की उद्यापासून पुन्हा येडं. माणूस चाललं होतं घर सोडून, आणि हिचा जीव डबीत अडकला होता.

सुंदरानं डबी घेतली. एका हाताला प्लास्टर, म्हणून गुडघ्यात धरून उघडली. आतल्या गोळ्या तळहातावर ओतल्या, अर्ध्या डबीत परत टाकल्या आणि अर्ध्या केसरबाईच्या पदराच्या टोकात बांधल्या. सासू आणि नवरा चार पावलांवर होते; ती हळू आवाजात बोलली.

"ह्या तुमच्या, अक्का. सकाळची चुकवू नका."

केसरबाईनं ती गाठ मुठीत धरली. "तुला कवापसून ठावं हाय?"

"डाक्टर सांगत व्हते की काही माणसं पडत न्हाईत, नुसती बघत बसत्यात, तोंड हलवत्यात, कपडा चिवडत्यात. तवा तुमी समोर बसून तेच करत व्हत्या. मग सकाळची गोळी बंद झाली, आन तुमचं बी बंद झालं. मला वाटलं, मला एक पुरल."

हरिबाच्या गावाची गाडी लागली. सुंदरा वळली.

आता खरं सांगायचं तर केसरबाईला त्या क्षणी रडू आलं नाही. पाझर फुटला, पश्चात्ताप झाला, असलं काही नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रंग हिचा, केस हिचे, नवऱ्याचे डोळे हिच्यासाठी ओले, गाडीत पुढची जागा हिची. आणि आता मोठेपणसुद्धा हीच घेऊन चालली? आपण जन्मभर पदराच्या गाठीत हिचे उपकार बांधून हिंडायचं, आणि ही तिकडं माहेरी बसून चांगली? ते काही जमायचं नाही. हे एक तरी तिला नेऊ द्यायचं नाही.

ती तरातरा सासूपुढं गेली.

"आत्याबाई, हिच्या अर्ध्या गोळ्या म्या खाल्ल्यात, म्हणून ही पडली. मला बी फेपरं हाय."

शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. छबुबाईनं आधी तिच्या तोंडाकडं बघितलं, मग गहिनीनाथाकडं, आणि खाली ओट्यावरच बसली. गहिनीनाथानं मात्र आयुष्यात पहिल्यांदा आईची वाट बघितली नाही. हरिबाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि दोघींना पुढं घालून तो डॉक्टरांच्या गल्लीकडं चालायला लागला.

डॉक्टर चिडले, अन् चिडायलाच पाहिजे होते. अर्धं औषध म्हणजे काय खेळ वाटला का, ते म्हणाले, त्या फळीवरून मान मोडली असती.  मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, की हिचा झटका कुणी बघितलाय. केसरबाई म्हणणार होती की कुणीच नाही. वीस वर्षं नवऱ्यानं बघितला नव्हता, सासूनं बघितला नव्हता.

सुंदरा बोलायला लागली. आधी उजवा हात पोटावर जातो, ती म्हणाली. चेहरा उतरतो. मग डोळे एका जागी थांबतात, ओठ चघळल्यासारखे हलतात, घोट गिळल्यासारखं करतात. डावा हात पदर चिवडतो, नेहमी डावाच. हाक मारली तर 'हं' म्हणतात, पण ते 'हं' रिकामं असतं. चहाला उकळी यायच्या आत उतरतं, आणि उतरल्यावर अक्का दोनदा विचारतात की चूल पेटली का, पेटलेली असली तरी.

केसरबाई ऐकत राहिली. हात डावा असतो, हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. आपण दोनदा विचारतो, हेही नाही. इतकं डोळ्यांत तेल घालून तिच्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले की दोघींचा आजार एकाच जातकुळीतला, चाल वेगळी. हिचा कोपऱ्यात सुरू होतो आणि कोपऱ्यातच विझतो, म्हणून कळत नाही. पण चुलीपुढं, विहिरीवर, फडात तोही तितकाच घातकी. हे येडेपण नाही, आळसही नाही. लहानपणीच्या तापानं आलं असावं. पोरीच्या सोयरिकीला यानं काही आडकाठी येऊ नये, हे त्यांनी छबुबाईला दारात बोलावून दोनदा सांगितलं. दोघींना आपापल्या गोळ्या मिळाल्या, आपापल्या पुडीत. छबुबाईनं मनातल्या मनात हिशेब केला. एकीला माहेरी पाठवता आलं असतं. दोघींना पाठवून भाकरी कोण थापणार? हरिबा बहिणीला न घेताच परत गेला.

उमापूरकडची गाडी यायची होती. दोघी जावा स्टँडच्या ओट्यावर बसल्या, मध्ये पिशवी. केसरबाईच्या मनातलं जाईना, शेवटी तिनं विचारलंच.

"माज्याकडं एवढं का म्हून बघत बसायचीस गं?"

सुंदरानं प्लास्टरचा हात मांडीवर सावरला. 

"तुमचा हेवा वाटायचा, अक्का. तुमाला पडावं लागत न्हाई. चार माणसांत लुगडं वलं हुत न्हाई. कुणी चप्पल घेऊन उरावर बसत न्हाई. मला वाटायचं, देवाला द्यायचंच व्हतं, तर तुमच्यावानी का म्हून न्हाई दिलं मला."

केसरबाईनं तिच्याकडं बघितलं, मग समोरच्या फलाटाकडं बघितलं. 

गाडी लागली तेव्हा गर्दी उसळली. पुढं, ड्रायव्हरच्या पाठीमागची, काचेतून रस्ता दिसणारी एकच जागा मोकळी होती. केसरबाईनं कोपरं मारत जाऊन ती धरली. सुंदरा मागून हात सांभाळत आली आणि उभी राहिली. केसरबाई जराशी सरकली आणि अर्धी जागा तिला दिली. काचेकडची बाजू मात्र दिली नाही.